लहान गावास मोठा पडदा नको काय?

सन २०२५ च्या फेब्रुवारीत, ७ तारखेस, क्रिस्टोफर नोलन यांचा ‘इंटरस्टेलर’ हा इंग्रजी चित्रपट आपल्या देशात पुन्हा एकवार मोठ्या पडद्यावर आला. चित्रपट नवा नव्हता. तो प्रथम २०१४ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला होता, आणि मधल्या दहा वर्षांत ज्यास इच्छा झाली त्याने तो घरबसल्या पाहिलाही होता. असे असूनही मुंबई-पुण्याच्या चित्रगृहांपुढे तरुण मंडळींनी गर्दी केली आणि वृत्तपत्रांनी त्या गर्दीचे कौतुक केले. येथपर्यंत सारे ठीक झाले. परंतु या निमित्ताने आमच्या सुशिक्षित वर्गात जी मते कानी आली, ती ऐकून स्वस्थ बसणे आम्हांस योग्य वाटले नाही.

पहिले मत असे की, जो चित्रपट खिशातल्या मोबाईलवर दिसतो त्यासाठी प्रवास व तिकीट यांवर पैसा घालविणे ही निव्वळ हौस होय. दुसरे असे की, हौसच करावयाची तर ती शहरवासीयांनी करावी. शहागडासारख्या गावच्या लोकांस कृष्णविवराशी काय कर्तव्य? आणि तिसरे, जे विशेषतः वाङ्मयभक्तांकडून ऐकू येते, ते असे की विज्ञानकथा म्हणजे मोठ्यांनी वाचावयाच्या परीकथा. गंभीर रसिकाने त्यांची दखल घेऊ नये. ही तिन्ही मते आम्हांस सर्वथा अमान्य आहेत. वरवर ती भिन्न दिसतात, परंतु तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. विस्मय ही चैनीची वस्तू असून ज्याने त्याने ती आपल्या ऐपतीप्रमाणे भोगावी, ही ती समजूत होय. तिचे खंडन करणे हाच या लेखाचा हेतू आहे.

वाचकांपैकी पुष्कळांस शहागड केवळ बसच्या खिडकीतून ठाऊक असेल. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, गोदावरीच्या उत्तर तीरावर, धुळे-सोलापूर हमरस्त्यावर हे गाव आहे. नदीपलीकडे बीड जिल्हा लागतो. वर पैठणला नाथसागर आहे, आणि त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी याच तीरावरून जालना-परभणीकडे जाते. ज्या विशाल पडद्यासाठी शहरी तरुण रांगा लावितात तसा पडदा येथे नाही, आणि तो असावा असे कोणास वाटतही नाही. आमची तक्रार पडदा नसण्याविषयी फारशी नाही. तो असावा असे न वाटण्याविषयी आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. पुढच्या कोण्या काळी पृथ्वीवरील पिके एकामागून एक रोगाने नष्ट होत आहेत. धुळीची वादळे इतकी की जेवणाची ताटे मांडताना ती उपडी घालून ठेवावी लागतात. मका तेवढा अद्यापि हाती लागतो. कूपर नावाचा एके काळचा वैमानिक आता शेती करून आहे. मानवजातीस दुसरे घर शोधण्यासाठी शनिग्रहानजीकच्या एका गूढ विवरातून दूरच्या तारकाविश्वात जाण्याची कामगिरी त्याच्यावर येते, आणि दहा वर्षांच्या मुलीस रुसलेली, रडती ठेवून तो निघतो. एका प्रचंड कृष्णविवराजवळच्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण इतके प्रखर आहे की तेथील एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. तेथे थोडा वेळ अडकून पडून तो यानात परततो तेव्हा पृथ्वीवर तेवीस वर्षे लोटलेली असतात, आणि मागे ठेवलेली पोर वयाने बापाच्या बरोबरीस आलेली असते.

आता पहिल्या मताकडे वळू. मोबाईलवर चित्रपट दिसतो हे खरे. परंतु काय दिसते? शनीच्या कड्यांसमोरून यान जाते तो प्रसंग घ्या. दिग्दर्शकाने यान केवळ ठिपक्याएवढे ठेविले आहे. बाकी सारा पडदा तो ग्रह आणि काळोख यांनी व्यापलेला असतो. माणूस केवढा आणि विश्व केवढे, हे त्या एका चित्रात एकही शब्द न उच्चारता सांगितले आहे. तळहाताएवढ्या काचेवर तो ठिपका दिसेनासाच होतो. ज्या वाक्यातला कर्ताच गाळला ते वाक्य आपण वाचले असे कोण म्हणेल? दुसरा प्रसंग त्या जलमय ग्रहावरचा. पात्रे ज्यास दूरचा डोंगर समजतात ती वस्तुतः अंगावर चालून येणारी लाट असते. मोठ्या पडद्यावर प्रेक्षकही प्रथम डोंगरच पाहतो, आणि क्षणात त्याच्या छातीत धस्स होते. मोबाईलवर डोंगर नाही, लाटही नाही. एक करडी रेघ मात्र सरकते. या चित्रपटाचा मोठा भाग ज्या फितीवर घेतला तिची प्रत्येक चौकट नेहमीच्या फितीच्या चौकटीहून आठ-नऊ पटींनी मोठी असते. हा खटाटोप काय उगाच केला असेल?

कोणी म्हणेल की ही सारी आकाराची गोष्ट झाली. आशय तर लहान पडद्यावरही कळतो. आम्ही उलट पुसतो: वेरूळचे कैलास लेणे चित्रपत्रावर पाहून त्याचा आशय कळतो काय? एकच अखंड डोंगर वरून खाली कोरीत आणला हे पुस्तकात वाचता येते. परंतु त्या चौकात उभे राहून मान वर केल्यावाचून ‘वरून खाली’ या शब्दांचा अर्थ अंगी भिनत नाही. काही कलाकृतींत प्रमाण हाच आशय असतो, आणि अवकाशाविषयीची चित्रकथा ही त्यांपैकी पहिली होय. शिवाय चित्रगृहातील काळोखाचे एक बंधन असते. १६९ मिनिटे आपण चित्रास थांबवू शकत नाही. मोबाईलवर मध्येच बँकेचा निरोप येतो, मेहुण्याचा फोन येतो, आणि बाप व मुलगी यांची ताटातूट अर्ध्यावर थांबवून आपण भाजीचा भाव विचारून घेतो. ज्या कथेचा विषयच काळाची अप्रतिहत गती हा आहे, ती बोटाने थांबवून पाहणे यासारखी विसंगती दुसरी नाही.

‘परंतु एकदा पाहिलेला चित्रपट पुन्हा कशास पाहावा?’ हाही प्रश्न विचारला जातो. महाराष्ट्रात हा प्रश्न विचारला जावा याचे आम्हांस नवल वाटते. ज्या समाजाने हरिश्चंद्राचे आख्यान प्रत्येक सप्ताहात ऐकले व प्रत्येक वेळी डोळे पुसले, ज्या समाजाच्या नाटकगृहांत एकाच पदास पुनःपुन्हा ‘वन्स मोअर’ मिळत गेला, त्याने पुनर्दर्शनाचे समर्थन मागावे काय? शेवट ठाऊक असतो म्हणूनच मधल्या वाटेकडे लक्ष जाते. आम्ही हा चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा याने, लाटा आणि कृष्णविवर यांनीच दिपून गेलो होतो. अकरा वर्षांनी पन्नाशी उलटल्यावर तोच पाहिला, तेव्हा यंत्रांकडे लक्ष थोडे गेले. साठलेले निरोप एकामागून एक ऐकत बसलेला तो बाप मात्र मनातून हालेना. चित्रपट तोच होता. पाहणारे वाढले होते. ज्या कृतीत अशी वाढ मावते तिलाच अभिजात म्हणावयाचे.

दुसरे मत अधिक दुखावणारे आहे, कारण ते दयेच्या सुरात मांडले जाते. खेड्यातील लोकांस हे समजावयाचे नाही, त्यांस हलकेफुलके काही दाखवावे! जिल्ह्याच्या एका चित्रगृहाच्या व्यवस्थापकाकडे आम्ही या चित्रपटाची गोष्ट काढली तेव्हा ‘हे आपल्याकडे कोण बघणार?’ एवढ्यावर त्यांनी विषय संपविला. आम्ही विचारतो, या कथेत असे काय आहे जे शहागडास परके आहे? पीक डोळ्यांदेखत जाणे परके आहे? सन २०१२-१३ च्या दुष्काळात याच जालना जिल्ह्यात, जो मोसंबीसाठी प्रसिद्ध आहे, लोकांनी पोटच्या पोरासारख्या वाढविलेल्या बागा टँकरच्या पाण्यावर जगविण्याची शिकस्त केली, आणि अखेर वाळलेली झाडे स्वतःच्या हातांनी तोडली. पडद्यावरचा शेतकरी शेताकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर मुंबईच्या वातानुकूलित प्रेक्षागारास समजावून द्यावी लागेल. येथे ती समजावून द्यावी लागणार नाही.

आणि बापाने जाणे? दसरा-दिवाळी उलटली की बीड-जालन्याच्या या पट्ट्यातून हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. कित्येकांची मुले आजीजवळ मागे राहतात. पाच-सहा महिन्यांनी आईबाप परततात तेव्हा पोराचा सदरा आखूड झालेला असतो, आणि धाकटे तर ओळख धरून जवळ यावयास दोन दिवस घेते. कोणाचा काळ कोठे किती वेगाने गेला, हा प्रश्न त्या आजीच्या अंगणात दरसाल उभा असतो. त्यास आइन्स्टाइनचे नाव ठाऊक नाही इतकेच. ज्यांनी हे भोगले त्यांना हा चित्रपट कळणार नाही, आणि ज्यांनी न भोगता पाहिला त्यांना तेवढा कळतो, हे तर्कशास्त्र आमच्या आकलनापलीकडचे आहे.

कल्पनेचे वावडे तर आमच्या लोकांस कधीच नव्हते. भागवतात रेवतीची कथा आहे. मुलीस वर कोणता योग्य, हे विचारण्यास तिचा पिता ककुद्मी तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तेथे गायन चालले होते म्हणून क्षणभर थांबला. आणि ब्रह्मदेवांनी हसून सांगितले की तेवढ्यात पृथ्वीवर युगे लोटली, तुझ्या मनातले वर आणि त्यांचे नातूपणतूही राहिले नाहीत. कीर्तनात ही कथा ऐकलेल्या माणसास ‘तेथला एक तास म्हणजे येथली सात वर्षे’ हे वाक्य ऐकून भोवळ येईल असे मानणे हा त्याचा अपमान होय.

परंतु येथेच एक इशारा देणे अवश्य आहे. रेवतीची कथा सांगितली की ‘पाहा, सापेक्षता आमच्या पूर्वजांस ठाऊक होती!’ असे म्हणून मिशांवर ताव देणारे लोक तत्काळ पुढे सरसावतात. त्यांस आमचे सांगणे असे की, पूर्वजांनी कल्पना केली हे त्यांचे भूषण आहे. गणित १९१५ साली आइन्स्टाइनने मांडले हे त्याचे भूषण आहे. एकाची पगडी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेविल्याने दोघेही विद्रूप दिसतात. या चित्रपटात एक मार्मिक प्रसंग आहे. कूपर मुलीच्या शाळेत जातो तेव्हा शिक्षिका त्यास सांगते की माणूस चंद्रावर गेलाच नव्हता, तो सारा बनाव होता असे आता क्रमिक पुस्तकात आले आहे! अन्नाची टंचाई आणि विस्मयाची टंचाई या तेथे एकाच घरात नांदतात. आमच्या शाळा इतक्या खाली गेलेल्या नाहीत. परंतु ज्या विद्यार्थ्याने विज्ञान केवळ गाईडातून पाठ केले, आणि आकाशाकडे कधी मान वर करून पाहिले नाही, त्याच्या लेखी चंद्रावरील पाऊल व रिकामी जागा भरा यांत फरक तो किती राहिला?

आता वाङ्मयभक्तांकडे. विज्ञानकथा म्हणजे हलका माल, हे मत मराठीच्या इतिहासासही धरून नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच ‘केरळकोकिळ’ मासिकाने ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा मराठीत आणिली होती. पुढे जयंत नारळीकरांसारख्या जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञाने मराठीत कथा लिहिण्यात कमीपणा मानिला नाही. ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा संग्रह घराघरांत वाचला गेला, आणि नाशिकच्या २०२१ च्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद देऊन मराठी समाजाने त्यांचा गौरवही केला. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले तेव्हा ज्या अनेकांनी हळहळ व्यक्त केली, त्यांपैकी किती जणांनी आपल्या मुलांच्या हाती ती पुस्तके दिली होती, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे.

प्रस्तुत चित्रपटातील कृष्णविवर ही चित्रकाराची लहर नव्हे. किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाने समीकरणे पुरविली, त्यांवरून संगणकांनी प्रकाशकिरणांचे मार्ग काढिले, आणि एकेका चौकटीस शंभर तासांपर्यंत वेळ लागला. या कामावर २०१५ साली शास्त्रीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला. त्यात एक कबुलीही आहे: असे फिरते तेजोवलय वास्तविक एका बाजूस अधिक उजळ दिसावयास हवे, परंतु प्रेक्षकांचा गोंधळ होऊ नये म्हणून चित्रपटात ते सारखे ठेविले. १० एप्रिल २०१९ रोजी खऱ्या कृष्णविवराचे पहिले चित्र जगापुढे आले, तेव्हा त्यातील वलय खरोखरीच एका बाजूस अधिक उजळ होते. कलेने केलेली तडजोड कोणती व निसर्गाचे सत्य कोणते, हे इतक्या स्वच्छपणे दाखविता येणारे दुसरे उदाहरण शिक्षकास क्वचितच मिळेल. चित्रपट निर्दोष आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. प्रेम हीही विश्वातील एक मिती आहे, अशा अर्थाचे त्यातील प्रवचन आम्हांस दुबळे वाटते, आणि शेवटच्या अर्ध्या तासात योगायोगांवर फार भार पडला आहे. परंतु दोष दाखविण्यापूर्वी कृती पाहावी लागते. आमचे टीकाकार न पाहताच निवाडा देऊन मोकळे होतात.

येथवरची चर्चा रसिकतेची झाली. या प्रश्नास दुसरी बाजू आहे, आणि ती आमच्या मुलांच्या भवितव्याची आहे. ज्या किप थॉर्न यांचा उल्लेख वर आला, त्यांस २०१७ साली रेनर वाइस व बॅरी बॅरिश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले ते लायगो या वेधयंत्राच्या द्वारे गुरुत्वीय लहरींचा शोध लाविल्याबद्दल. अमेरिकेतील या यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेली लहर प्रथम टिपली. तसेच यंत्र भारतात उभारण्याचे ठरले, आणि त्यासाठी निवडलेली जागा कोणती? हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ! केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पास सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसरचा किरण, आणि अब्जावधी वर्षांपूर्वीच्या उत्पाताचा क्षीण कंप टिपण्याची सिद्धता. हे सारे आमच्या मराठवाड्यात, ज्योतिर्लिंगाच्या शेजारी व्हावयाचे आहे. ज्यास ‘कृष्णविवराशी काय कर्तव्य’ असे शहागडच्या मुलास विचारले जाते, ते कृष्णविवर त्याच्या दारी येऊन ठेपले आहे.

मग त्या वेधशाळेत आमच्या मुलांनी काय म्हणून जावे? शास्त्रज्ञ म्हणून, की फाटकावरचा पहारेकरी म्हणून? पहारेकऱ्याच्या कामात कमीपणा नाही. परंतु दुसरा विचारही त्याच्या मनात कधी येऊ नये, ही व्यवस्था अन्यायाची आहे. या चित्रपटात भारताचे दर्शन एकदाच घडते. मक्याच्या शेतावरून एक मानवरहित विमान भिरभिरत जाते. ते भारतीय असते. दिल्लीचे नियंत्रणकेंद्र दहा वर्षांपूर्वीच बंद पडले, तरी ते बिचारे धन्यावाचून उडतच राहिले आहे. प्रेक्षक त्या प्रसंगी कौतुकाने हसतात. आम्हांस मात्र हसू आले नाही. यंत्र आहे, परंतु त्याच्याकडे पाहून ‘हे कसे चालते?’ असे विचारणारा जवळ कोणी नाही, ही अवस्था येण्यास भविष्यकाळाची वाट पाहावी लागत नाही.

एक चित्रपट दाखविल्याने शास्त्रज्ञ निपजतात असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. प्रयोगशाळा हव्यात, शिक्षक हवेत, शिष्यवृत्त्या हव्यात. परंतु या सर्वांच्या आधी मनास एक धक्का बसावा लागतो, आणि तो बहुधा एकट्याने बसत नाही; शेजारच्या खुर्चीवरच्या मुलानेही श्वास रोखलेला असावा लागतो. हे काम मोठा पडदा करितो.

‘हे व्हावे कसे?’ असा प्रश्न येईलच. त्यास उत्तर आमच्याच भूमीत आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठी काय दाखविले? कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडे थोडे चित्रण करून, अंकुराची वाढ क्षणांत दाखविणारी एक छोटी चित्रफीत! भारतीय चित्रपटाचा पाया, अशा रीतीने, विज्ञानाच्या विस्मयावर घातला गेला. पुढे हेच फाळके बैलगाडीत यंत्र घालून गावोगाव गेले, आणि परतताना तिकिटांच्या नाण्यांचे ओझे गाडीत असे म्हणून सांगतात. ‘आपल्याकडे कोण बघणार?’ हा प्रश्न त्यांनी केला असता तर पुढचा इतिहास घडलाच नसता. त्यांच्या मागून तंबूतील सिनेमाने महाराष्ट्राच्या जत्रा-उरूस पिढ्यान्‌पिढ्या गाजविले. त्या तंबूवाल्यांची अखेरची धडपड शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात नोंदविली गेली, आणि तो कान येथे वाखाणला गेला. आम्ही तंबू मोडू दिले आणि त्यांच्या चित्राचे कौतुक केले!

आमची मागणी माफक आहे. ज्या वितरकांस जुने चित्रपट पुन्हा आणून नफा होतो, त्यांनी प्रत्येक पुनःप्रदर्शनातील काही खेळ तालुक्याच्या गावी, स्वस्त दरात, संध्याकाळच्या मोकळ्या मैदानावर का होईना, लावावेत. महाविद्यालयांनी रीतसर परवानगी घेऊन आपली सभागृहे त्यासाठी उघडावीत. वार्षिक संमेलनात नाचगाण्यांवर जो खर्च होतो त्याच्या अंशात हे होईल. संवादांखाली मराठी अक्षरे असावीत, आणि आरंभी कोणा जाणत्याने अर्धा तास मराठीत विषय समजावून द्यावा. मूकपटांच्या काळी देशी भाषांतील पाट्यांनी जे काम केले तेच हे. अंबडच्या मत्स्योदरीस नवरात्रात लोक लोटतात. त्या यात्रेच्या एका रात्री पाळण्यांशेजारी असा एक पडदा लागला तर देवीचा कोप होईल असे आम्हांस वाटत नाही.

आणि आमच्या वाचकांस, ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, प्रवासाची ऐपत आहे आणि मुलांच्या शिक्षणाची काळजी आहे, त्यांस एवढेच विनवावयाचे की, पुढच्या वेळी असा चित्रपट मोठ्या पडद्यावर आला तर आपल्या मुलांबरोबर घरकामाच्या बाईंची मुलेही न्यावीत, गावाकडचा पुतण्या बोलावून घ्यावा. त्या पोरांपैकी एखादे परतीच्या गाडीत काहीच बोलणार नाही, नुसते खिडकीतून वर पाहत राहील. त्यास ‘झोप आली का रे?’ असे विचारू नये. त्यास तसेच पाहू द्यावे.